जुन्या मल्टिमीडिया कीबोर्डची जादा बटणं लिनक्सवर: प्रकल्प नोंदी, सोलापूर

जागा: अक्कलकोट रोड एमआयडीसी, टॉवेल कारखान्याचं ऑफिस. तीन डेस्कटॉप, तिन्हींवर डेबियन १२ हे लिनक्स, ग्नोम हा डेस्कटॉप आणि वेलँड ही पडद्याची व्यवस्था. कपाटातून निघालेले तीन जुने कीबोर्ड: 'अ' आणि 'आ' जांभळ्या गोल पिनचे म्हणजे पीएस/टू, 'इ' यूएसबी. टायपिंग तिन्हींवर चालतं. वरच्या ओळीतली आवाज, मेल, फोल्डर वगैरे बटणं मात्र काही चालतात, काही मेलेली. नवीन कीबोर्ड घेणं सोपं आहे, पण ऑफिसात मराठी, इंग्रजी आणि तेलुगू अशा तीन भाषांत टायपिंग चालतं आणि दिवाणजींना भाषा बदलायला एक स्वतंत्र बटण हवंय. जादा बटणं असलेला कीबोर्ड घरातच पडून असताना दुसरा कशाला?

आज्ञा आणि फायलींची नावं इथे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टर्मिनलवर ती अर्थातच रोमन अक्षरांत द्यायची.

४ जानेवारी २०२५

मोजदाद. 'अ'वर जादा बटणं १७ आणि आवाजाचं गोल चाक. 'आ'वर १४ आणि डाव्या कडेला स्क्रोलचं चाक. 'इ'वर १९.

पीएस/टू कीबोर्ड चालू मशीनला लावायचा किंवा काढायचा नाही. त्या पोर्टला हॉट-प्लग कधी नव्हतंच. ४ नंबरच्या पिनेवर ५ व्होल्ट असतात, पिन तिरकी बसली तर बोर्डावरचा बारका फ्यूज जातो आणि मग पोर्टच मेलेला दिसतो. दर वेळी शटडाउन, मग वायर.

पहिल्या मशीनला 'अ' लावून नुसतं बघितलं. १७ पैकी ८ बटणं आपोआप चालली: आवाज बंद, प्ले, पुढचं, मागचं, कॅल्क्युलेटर, मेल, होमपेज, शोध. चाक फिरवलं की आवाज कमी-जास्त होतो. उरलेल्या ९ पैकी ६ बटणांवर तर काहीच हालचाल नाही, आणि ती सहाही एकाच पट्टीतली. हा सॉफ्टवेअरचा प्रश्न वाटत नाही. आधी पेचकस.

६ जानेवारी

'अ' उघडला. मागे ११ स्क्रू, त्यातला एक स्टिकरखाली. तो दिसला नाही म्हणून पट्टी ओढत बसलं की प्लास्टिकच्या खुंट्या तुटतात. स्टिकर बोटाने दाबून बघितलं तर खड्डा लागतो.

आत सुताची तूस. कीबोर्ड पूर्वी लूमच्या शेडमध्ये होता, हे सांगायची गरज पडली नाही. बटणांखाली करड्या रंगाची गादीच जमली होती. टोप्या काढून कोमट साबणपाण्यात, मग पंचावर पसरून सावलीत. उन्हात ठेवल्या तर वाळतात लवकर, पण पांढरं प्लास्टिक पिवळं पडतं.

रबराच्या घुमटांखाली तीन पारदर्शक पत्रे असतात. वरच्या आणि खालच्या पत्र्यावर छापलेल्या रेषा, मधला पत्रा नुसता भोकांचा. बटण दाबलं की भोकातून वरची रेष खालच्या रेषेला टेकते. या रेषांवर थिनर किंवा ॲसिटोन अजिबात नको, शाईच निघून येते. आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाच्या बोळ्यावर, तेही न घासता टिपत. मल्टिमीटरच्या बझरवर या रेषा वाजतीलच असं नाही. शाईचा रोध तांब्यापेक्षा खूप जास्त असतो, म्हणून ओहमच्या रेंजवर मोजायचं. नाहीतर चांगली रेष तुटलेली समजून दुरुस्तीला बसाल.

रेषा धड होत्या. बिघाड निघाला पत्रा सर्किटला जिथे टेकतो तिथे. तिथे सोल्डर नसतो, एक धातूची पट्टी दोन स्क्रूंनी पत्र्याची कड सर्किटच्या काळ्या पॅडवर दाबून धरते. एक स्क्रू ढिला आणि पॅडवर तूस अडकलेली. साध्या खोडरबराने पॅड हलक्या हाताने पुसले, चुरा ब्रशने झटकला, स्क्रू घट्ट केले. मेलेल्या सहा बटणांतली तीन लगेच चालू झाली. उरलेली तीन अजून गप्प, पण आता गप्प राहण्याचं कारण वेगळं असू शकतं.

७ जानेवारी

बटण दाबल्यापासून कामापर्यंतचा रस्ता असा. कीबोर्ड एक स्कॅनकोड, म्हणजे बटणाचा कच्चा आकडा, पाठवतो. कर्नलचा (लिनक्सच्या गाभ्याचा) एटीकेबीडी ड्रायव्हर त्या स्कॅनकोडचा कीकोड, म्हणजे लिनक्सचा स्वतःचा आकडा, करतो. एक्सकेबी ही लेआउटची व्यवस्था त्या कीकोडला नाव देते. ग्नोम त्या नावाला काम जोडतं. बटण चालत नसेल तर यातल्या कुठल्या टप्प्यावर अडलं ते आधी शोधायचं. न शोधता शॉर्टकटच्या खिडकीत बटण दाबत बसणं म्हणजे नळाला पाणी नाही म्हणून बादली बदलणं.

पहिली तपासणी कर्नलच्या नोंदींत: रूट (प्रशासक) होऊन 'डीमेसेज -डब्ल्यू' चालू ठेवायचं आणि बटणं एकेक दाबायची. गप्प असलेल्या तिन्ही बटणांवर ओळ आली: अनोळखी बटण, ट्रान्सलेटेड सेट २, कोड ०एक्स८५. पुढचं ०एक्स८६, त्यापुढचं ०एक्स८७. खालीच कर्नल उपायही सुचवतो: 'सेटकीकोड्स ई००५' आणि पुढे कीकोड.

८५ आणि ई००५ यांचा मेळ नवख्याला लागत नाही. मूळ कोड ई० हा उपसर्ग आणि ०५. ड्रायव्हर उपसर्ग काढून त्याऐवजी वरचा बिट चढवतो, म्हणजे ०५ मध्ये ८० मिळवतो (हे आकडे हेक्साचे, म्हणजे सोळाच्या मोजणीतले). म्हणून ई००५ चे ८५, आणि मेलच्या ई०६सी चे ईसी. सेटकीकोड्सला पहिलं रूप लागतं, पुढे लिहायच्या फाइलला दुसरं. ही दोन रूपं एकमेकांच्या जागी गेली की सगळं बरोबर दिसतं आणि काहीच चालत नाही.

कोड दाखवणाऱ्या 'शोकी -एस' या आज्ञेवर विसंबू नये. ते ग्राफिकल टर्मिनलमध्ये नीट चालत नाही, कंट्रोल-ऑल्ट-एफ३ करून कन्सोलवर जावं लागतं, आणि १० सेकंद काही दाबलं नाही की आपोआप बंद होतं. शिवाय ड्रायव्हरचा सॉफ्टरॉ पर्याय मुळात चालू असतो. त्यामुळे शोकी दाखवतं ते कीबोर्डने पाठवलेले कोड नव्हेत, तर कर्नलने कीकोडवरून उलटे रचलेले. खरे कोड बघायला इव्हटेस्ट हा प्रोग्राम: यादीतून 'एटी ट्रान्सलेटेड सेट २ कीबोर्ड' निवडायचं, प्रत्येक दाबण्याला एमएससी_स्कॅनपुढे कोड दिसतो. अनोळखी बटणाला ती ओळ येते, पण खालची ईव्ही_की ओळ येत नाही. ही खूण लक्षात ठेवावी. स्कॅनची ओळ आहे, ईव्ही_कीची नाही: नकाशा (स्कॅनकोडला कीकोडची जोड) हवा. दोन्ही नाहीत: पेचकस.

'अ'च्या उरलेल्या तीन बटणांवर (एकूण ९ मधली) वीज, झोप, जाग अशी चित्रं. ती मुद्दाम दाबली नाहीत. त्यांचं वेगळं बघू.

८ जानेवारी

तात्पुरती नेमणूक: 'सेटकीकोड्स ई००५ १४८', 'ई००६ १४९', 'ई००७ २०२'. म्हणजे प्रॉग१, प्रॉग२, प्रॉग३. इव्हटेस्टमध्ये तिन्ही नीट उमटली.

कीकोड निवडताना एक मर्यादा पाळायची: २४७ च्या वर जायचं नाही. एक्समध्ये (वेलँडच्या आधीची पडद्याची व्यवस्था) प्रत्येक कीकोडात ८ मिळवले जातात आणि तिथला सगळ्यात मोठा आकडा २५५. वेलँड सेशनमध्येही एक्सवेलँडवर (वेलँडच्या आत एक्स चालवणारा थर) चालणारे प्रोग्राम असतातच, त्यांना २४८ पासून पुढचं बटण दिसत नाही.

दुपारी पावणेतीनला लाइट गेली. मशीन परत आलं, नेमणुका गेल्या. सेटकीकोड्स कर्नलच्या चालू तक्त्यातच लिहितं, डिस्कवर काही ठेवत नाही. सुरुवातीच्या स्क्रिप्टमध्ये ते टाकून देण्याचा मोह होतो, पण तो मार्ग टाळला. त्याचं कारण १७ तारखेला दिसेल.

९ जानेवारी

कायमची जागा (हार्डवेअर ओळखणारी यूडेव्ह सेवा इथलं वाचते): '/ईटीसी/यूडेव्ह/एचडब्ल्यूडीबी.डी/' या फोल्डरात '९०-ऑफिस-कीबोर्ड.एचडब्ल्यूडीबी' फाइल.

पीएस/टू कीबोर्डला स्वतःचं कंपनी-मॉडेल सांगता येत नाही. म्हणून ही फाइल कीबोर्ड ओळखत नाही, मशीन ओळखते. ओळख मिळते '/सिस/क्लास/डीएमआय/आयडी/मोडएलियास' मधून. लॅपटॉपवर त्यात कंपनीचं नाव नीट असतं. इथे मशीन जुळवलेलं, त्यामुळे सिस्टिमच्या जागी 'टूबीफिल्डबायओईएम' अशी न भरलेली पाटी. ती पाटी हजारो जुळवलेल्या मशीनवर असते, म्हणून सिस्टिमची कंपनी-मॉडेल सांगणाऱ्या एसव्हीएन-पीएनऐवजी मदरबोर्डाचे आरव्हीएन-आरएन हे तुकडे घेतले. मोडएलियासमध्ये नावातल्या मोकळ्या जागा काढून टाकलेल्या असतात. फाइलमध्येही तसंच, न तोडता लिहायचं.

फाइलीचा आकार:

एव्हडेव्ह:एटीकेबीडी:डीएमआय:*:आरव्हीएन(बोर्डाची कंपनी):आरएन(बोर्डाचं मॉडेल):*
 कीबोर्ड_की_८५=प्रॉग१
 कीबोर्ड_की_८६=प्रॉग२
 कीबोर्ड_की_८७=एफ२०

मग 'सिस्टिमडी-एचडब्ल्यूडीबी अपडेट', त्यानंतर 'यूडेव्हएडीएम ट्रिगर' आणि पुढे त्या कीबोर्डच्या इव्हेंट फाइलचा मार्ग. पहिली आज्ञा फाइलींचा एकत्र डेटाबेस बांधते, दुसरी तो त्या डिव्हाइसला लावते. दुसरी विसरली की फाइल चुकली असं वाटत राहतं.

काहीच झालं नाही. अर्धा तास डीएमआयची ओळ तपासण्यात गेला, चूक भलतीकडेच: एडिटरने ओळीच्या सुरुवातीला टॅब घातला होता. गुणधर्माच्या ओळीआधी स्पेसच लागते. टॅब असेल तर ती ओळ जुळणीची दुसरी ओळ समजली जाते. जुळणीची ओळ आणि गुणधर्म यांच्यात रिकामी ओळही चालत नाही, तिथे नोंद संपली असं धरलं जातं.

दुरुस्तीनंतर 'यूडेव्हएडीएम इन्फो' ने इव्हेंटचे गुणधर्म काढले. त्यात कीबोर्ड_की_८५ दिसलं. तिथे दिसलं की फाइल जुळली, पुढचं दुखणं दुसरीकडचं.

१० जानेवारी

८७ ला एफ२० दिलं होतं, कारण एफ१३ ते एफ२४ कुणी वापरत नाही असा समज. बटण दाबलं आणि पडद्यावर मायक्रोफोन बंद झाल्याचं चित्र. एक्सकेबीच्या नेहमीच्या तक्त्यात एफ२० वर माइक म्यूट बसवलेलं आहे, एफ२१ ते एफ२३ वर टचपॅड, एफ१३ वर टूल्स, एफ१४ ते एफ१८ वर लाँच५ ते लाँच९. 'मोकळी' बटणं मोकळी नाहीत. प्रॉग१ ते प्रॉग४ सरळ लाँच१ ते लाँच४ होतात, ती बरी.

वीज, झोप, जाग: त्यांचे कोड सगळीकडे सारखे, ई०५ई, ई०५एफ, ई०६३. फाइलमध्ये डीई, डीएफ, ई३. बिल करताना कोपराने मशीन बंद पडायला नको, म्हणून तिन्हींना 'अननोन' दिलं. 'रिझर्व्ह्ड' दिलं तरी बटण मरतं, पण त्याचा आकडा शून्य असल्याने ड्रायव्हर ते अनोळखी धरतो आणि प्रत्येक दाबण्याला कर्नलच्या नोंदींत तक्रार लिहितो. कॅबिनेटवरचं पॉवर बटण वेगळं एसीपीआय डिव्हाइस आहे, त्याला धक्का लागत नाही. लॉगिनडी या सिस्टिम सेवेच्या सेटिंगमधून पॉवर बटणाकडे दुर्लक्ष करायला सांगितलं असतं तर कॅबिनेटचंही गेलं असतं.

११ जानेवारी

दिवाणजींचं भाषेचं बटण. ८७ ला प्रॉग३ दिलं आणि ग्नोमच्या कीबोर्ड शॉर्टकटमध्ये 'पुढचा इनपुट सोर्स' याला जोडलं. चालतं, पण दाबल्यावर भाषांची पट्टी उघडते आणि दीड सेकंद तशीच राहते. तेवढ्यात टाइप केलेली अक्षरं वाया. हा बिघाड नाही. सुपर-स्पेस दाबताना सुपर सोडला की निवड पक्की होते. इथे सोडण्यासारखं जोडबटणच नाही, म्हणून ग्नोम १५०० मिलिसेकंद वाट बघून निवड पक्की करतं.

उपाय शॉर्टकटच्या वाटेने नाही, एक्सकेबीच्या वाटेने. ८७ ला हार्डवेअरच्या फाइलमध्येच 'स्क्रोललॉक' दिलं आणि ग्नोम ट्वीक्समध्ये 'दुसऱ्या लेआउटवर जाणे' खाली स्क्रोल लॉक निवडलं, म्हणजे 'जीआरपी:एससीएलके_टॉगल'. आता पट्टी उघडत नाही, भाषा तिथल्या तिथे बदलते. कीबोर्डवरचं खरं स्क्रोल लॉकही आता भाषाच बदलतं. ते इथे कुणी वापरत नव्हतं.

८५ वर महिन्याच्या बिलांची कॅल्क फाइल, ८६ वर ऑर्डरचं फोल्डर. ग्नोमच्या सानुकूल शॉर्टकटमधून, दोन मिनिटांत. एक्समॉडमॅप या एक्सच्या बटणं बदलणाऱ्या प्रोग्रामने काही करायला गेलं नाही. ते वेलँडच्या प्रोग्रामना लागूच होत नाही.

छापलेली चित्रं आता खोटी ठरली. 'संगीत' असं चित्र असलेल्या बटणावर लेबलचा कागद आणि वर पारदर्शक टेप. बटणावर 'भाषा' लिहिलेलं नसेल तर सोमवारी कुणीतरी कीबोर्ड बिघडला म्हणून सांगेल.

१३ ते १५: गड्ड्याच्या जत्रेमुळे काम बंद.

१७ जानेवारी

'आ', दुसऱ्या मशीनवर. इथे मेलचं बटण लॉगिन केल्यावर एकदाच चालतं, मग मेलेलं. इव्हटेस्टमध्ये पहिल्यांदा दाबलं की किंमत १. सोडल्यावर ० यायला हवी, ती येत नाही. पुन्हा दाबलं की २, म्हणजे कर्नलच्या मते बटण अजून दाबूनच धरलंय. हा कीबोर्ड जादा बटणांना सोडल्याचा कोड पाठवतच नाही.

एचडब्ल्यूडीबीत यासाठी सोय आहे, बटणाच्या नावाआधी उद्गारचिन्ह: कीबोर्ड_की_ईसी=!मेल. मग कर्नल दाबल्याबरोबर सोडल्याची घटना स्वतः घालतो. हे फक्त पीएस/टू आणि लॅपटॉपच्या आतल्या कीबोर्डला, यूएसबीला नाही. सरसकट सगळ्या बटणांना उद्गारचिन्ह लावू नये, आवाजाचं बटण धरून ठेवून आवाज वाढवणं त्याने मोडतं. 'आ'वर पाच बटणांना लागलं.

स्क्रोलचं चाक. फिरवून पान सरकत नाही. एटीकेबीडीला 'स्क्रोल' नावाचा पर्याय आहे, तो चाकाच्या जुन्या ऑफिस कीबोर्डांसाठीच. '/सिस/डिव्हाइसेस/प्लॅटफॉर्म/आय८०४२/सीरिओ०/स्क्रोल' मध्ये १ लिहिलं. चाक फिरवलं, इव्हटेस्टमध्ये आरईएल_व्हील. ब्राउझरचं पान सरकलं.

पण हा पर्याय बदलला की ड्रायव्हर कीबोर्डचं जुनं इनपुट डिव्हाइस काढून नवीन नोंदवतो आणि कीकोडचा तक्ता पहिल्यापासून भरतो. सेटकीकोड्सने केलेलं सगळं तिथे पुसलं जातं. एचडब्ल्यूडीबीचं पुसलं जात नाही, कारण नवीन डिव्हाइस आलं की यूडेव्ह फाइल पुन्हा लावतो. स्क्रिप्ट टाळण्याचं कारण हे. इव्हेंटचा नंबरही बदलू शकतो, तेव्हा उघडं असलेलं इव्हटेस्ट बंद करून पुन्हा चालू करायचं.

कायमसाठी ग्रबमध्ये (मशीन चालू होताना लिनक्स सुरू करणारा प्रोग्राम) कर्नलच्या ओळीवर 'एटीकेबीडी.स्क्रोल=१', मग 'अपडेट-ग्रब'.

२० जानेवारी

'इ', यूएसबी. इथे सगळं वेगळं. एकाच कीबोर्डची इव्हटेस्टमध्ये दोन नावं: एक टायपिंगचं, एक 'कन्झ्युमर कंट्रोल'. जादा बटणं बहुतेक दुसऱ्यावर येतात. फक्त पहिलं उघडून 'बटण मेलंय' असं ठरवू नये.

यूएसबी कीबोर्डला ओळख असते, म्हणून नकाशा कीबोर्डाबरोबर चालतो. जुळणीची ओळ 'एव्हडेव्ह:इनपुट:बी०००३' पासून, पुढे व्ही आणि कंपनीचे चार अंक, पी आणि मॉडेलचे चार अंक, शेवटी तारा. 'एलएसयूएसबी' ही आज्ञा हे अंक लहान लिपीतल्या अक्षरांनी दाखवते, जुळणीच्या ओळीत मात्र ए ते एफ मोठ्या लिपीत लागतात. खालच्या ओळीतला स्कॅनकोड उलट लहान लिपीत. याचं तर्कशास्त्र शोधू नये, पाळावं.

झूमची पट्टी: कोड सी०२२डी आणि सी०२२ई, कर्नल त्यांना झूमइन-झूमआउट म्हणतो, कीकोड ४१८ आणि ४१९. २४७ च्या पलीकडचे, त्यामुळे एक्सवेलँडवरचं बिलिंग सॉफ्टवेअर बहिरं. त्यांना पेजअप-पेजडाउन दिलं. लांबलचक स्टॉक यादीत झूमपेक्षा तेच कामाचं.

कॉपी, पेस्ट, कट या तीन बटणांचं काही होणार नाही. ती स्वतंत्र कोड पाठवत नाहीत, कीबोर्डच्या आतलं फर्मवेअर सरळ कंट्रोल आणि सी असे दोन नेहमीचे कोड पाठवतं. लिनक्सपर्यंत येईतो हाताने दाबलेल्या कंट्रोल-सीत आणि यात फरकच उरत नाही. जशी आहेत तशी चालतात, तशीच ठेवली.

२१ जानेवारी

तिसऱ्या मशीनला पीएस/टू पोर्ट नाही. 'अ' तिथे चालेल का, अशी विचारणा झाली म्हणून दोन्ही प्रकारचे ॲडॉप्टर लावून बघितले.

साधा जांभळा ॲडॉप्टर: काहीच नाही, दिवेही नाहीत. त्याच्या आत नुसत्या तारा असतात, चिप नसते. कीबोर्डलाच पीएस/टू आणि यूएसबी दोन्ही येत असतील तरच तो चालतो.

चिप असलेला कन्व्हर्टर: टायपिंग आणि आवाज ठीक, ८५-८६-८७ गायब. दोन्ही इव्हेंटवर एमएससी_स्कॅनसुद्धा नाही. कन्व्हर्टर स्कॅनकोड स्वतःच यूएसबीत भाषांतरित करतो आणि त्याच्या तक्त्यात नसलेला कोड टाकून देतो. जे यूएसबीच्या तारेवर आलंच नाही ते एचडब्ल्यूडीबीत आणता येत नाही. एटीमेगा३२यू४ या चिपचा छोटा बोर्ड आणि त्यावर टीएमके नावाचं पीएस/टू फर्मवेअर हा खात्रीचा मार्ग आहे, तिथे तक्ता आपण लिहितो. पण 'इ' मोकळा असताना इथे तो खटाटोप कशाला? तिसऱ्यावर 'इ' कायम.

२५ जानेवारी

पहिल्या दोन मशीनच्या कॅबिनेटच्या आत चिठ्ठी चिकटवली: फाइल कुठे आहे, मदरबोर्ड बदलला तर आरव्हीएन-आरएन बदलायचं, आणि या मशीनला दुसरा पीएस/टू कीबोर्ड लावला तर त्यालाही हाच नकाशा लागेल. दुसऱ्या मशीनच्या चिठ्ठीवर ग्रबची ओळ जादा. तिन्ही फायलींची प्रत ऑफिसच्या पेनड्राइव्हवर.

राहिलेलं: 'आ'वरचं एक बटण, दाबल्यावर स्कॅनही नाही. त्याच्याखालच्या रेषेला मोड आहे, चांदीच्या शाईचं पेन आल्यावर बघू.